कवितेचे रसग्रहण, गद्याचा सारांश

मराठीच्या उत्तरपत्रिका तपासण्यात ज्यांची उमेदीची वर्षे गेली, त्यांना एक गोष्ट इतकी सवयीची झालेली असते की ती डोळ्यांना खुपेनाशी होते. कवितेवर प्रश्न विचारायचा तो रसग्रहणाचा. गद्य उताऱ्यावर विचारायचा तो आकलनाचा, नाहीतर सारांशाचा. कवितेचा सारांश लिहायला सांगणारा शिक्षक अरसिक ठरेल. आणि गद्याचे रसग्रहण करा असे म्हटले तर हुशार विद्यार्थीही क्षणभर आपल्याकडे पाहत राहील. शाळेपासून पदव्युत्तर वर्गापर्यंत ही विभागणी अबाधित असते. आम्हीही ती वर्षानुवर्षे पाळली आहे, हे आधीच कबूल केलेले बरे.

काव्य श्रेष्ठ की गद्य, हा वाद जुना आहे. महाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धांत तो अजूनही अधूनमधून डोके वर काढतो आणि निकाल बहुधा काव्याच्या बाजूने लागतो. त्या वादात उतरण्याची आमची इच्छा नव्हती. परंतु असे वाटू लागले आहे की या वादाचा निकाल आपण वर्गात कधीच देऊन टाकला आहे आणि तो देताना फारसा विचार केलेला नाही. ज्याचे रसग्रहण करायचे ते साहित्य, आणि ज्याचा सारांश काढायचा ते साहित्याचे वाहन, अशी ही वाटणी आहे. तिची किंमत गद्याला मोजावी लागते, आणि आमच्या मते कवितेलाही.

प्रथम परंपरेची साक्ष काढू. काव्याचे श्रेष्ठत्व सांगणारे लोक संस्कृत साहित्यशास्त्राचा हवाला हमखास देतात. पण ते शास्त्र त्यांच्या बाजूने उभे राहत नाही. भामहाने काव्याचे गद्य आणि पद्य असे दोन प्रकार मानले. दंडीने त्यांत मिश्र या तिसऱ्याची भर घातली. मम्मटाच्या काव्यलक्षणात छंदाचा उल्लेख नाही, विश्वनाथाच्याही नाही. वामनाने तर गद्य ही कवींची खरी कसोटी असल्याचे मत आवर्जून नोंदवले आहे. बाणभट्टाची 'कादंबरी' हे गद्य आहे आणि काव्यही आहे. तिच्याच नावावरून मराठीने एका अख्ख्या गद्यप्रकाराला नाव दिले. म्हणजे आपल्या भाषेत कादंबरी हा शब्द उच्चारणारा प्रत्येक माणूस नकळत एका गद्यकाव्याचे नाव घेत असतो. काव्य म्हणजे पद्य आणि पद्य म्हणजे कविता हे समीकरण प्राचीनांचे नव्हे, पुष्कळसे आपले आहे.

काव्याच्या बाजूने नेहमी केला जाणारा दुसरा युक्तिवाद स्मरणाचा. पद्य मुखोद्गत होते, गद्य होत नाही. म्हणून पद्य टिकते. हा युक्तिवाद इतर भाषांत कदाचित खपून जाईल. मराठीत तो 'लीळाचरित्रा'पाशी अडतो. परंपरेने १२७८च्या सुमारास सिद्ध झालेला मानला जाणारा हा ग्रंथ गद्यात आहे. म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी ज्यांनी त्यांना पाहिले, ऐकले अशांना भेटून, विचारून गोळा केल्या. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली आणि अनुयायांनी आपापल्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा केला, असे महानुभाव परंपरा सांगते. 'लीळाचरित्रा'चे अनेक पाठ आढळतात, त्याचे कारणही हेच मानले जाते. येथे पाठ झाले होते ते गद्य. वृत्ताचा आणि यमकाचा आधार नसताना माणसांनी वाक्येच्या वाक्ये जपली, कारण ती वाक्ये एका विशिष्ट व्यक्तीच्या बोलण्याची होती. त्यांतला शब्द बदलला तर व्यक्ती बदलली असती. स्मरणासाठी छंद लागतो हे खरे, पण निष्ठा असली की वाक्यही पुरते.

त्याच पंथातील महदाइसेचे उदाहरण आम्हांला अधिक बोलके वाटते. मराठीतील आद्य कवयित्री म्हणून आपण तिचा गौरव करतो, तो तिच्या 'धवळ्यां'मुळे. गोविंदप्रभूंच्या विवाहसोहळ्याच्या निमित्ताने रचलेली ही गीते. परंतु महदाइसा आपल्याला भेटते ती केवळ धवळ्यांत नव्हे. 'लीळाचरित्रा'त ती प्रश्न विचारते. पुन्हापुन्हा विचारते, उत्तराने समाधान झाले नाही तर आणखी विचारते. धवळ्यांमध्ये तिचा कंठ आहे. त्या गद्यात तिची जिज्ञासा आहे. धवळे नसते तर एका स्त्रीचे गाणे आपण गमावले असते. लीळा नसत्या तर तेराव्या शतकातील एक स्त्री आपल्या गुरूला कोणत्या शंका विचारीत होती, हे आपल्याला कधी कळले नसते. या दोहोंपैकी कोणते नुकसान मोठे, हे आम्हांला सांगता येणार नाही. मात्र अभ्यासक्रमात धवळ्यांचे रसग्रहण होते आणि लीळांचा 'विषय' सांगितला जातो, हे आम्ही सांगू शकतो.

येथे दुसरी बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. गद्याला कागद लागतो, सवड लागते, बहुधा शाळाही लागते. ज्यांना यांतले काहीच मिळाले नाही त्यांची भाषा पद्याने सांभाळली. पहाटे जात्यावर बसणाऱ्या बायकांनी ओव्या रचल्या आणि जात्याच्या फेऱ्याने त्यांना लय पुरवली. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांच्या पुढाकाराने अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या आहेत. त्या बायकांपैकी बहुतेकींच्या हाती लेखणी कधी आली नव्हती. सासर, माहेर, भाऊ, पाऊस, सीता आणि मरण यांविषयी त्यांना जे म्हणायचे होते ते दोन-तीन चरणांत मावले, कारण तेवढाच अवकाश त्यांना होता. कवितेला अभिजनांची कला म्हणणाऱ्यांनी हा लाखाचा आकडा लक्षात ठेवावा. दारिद्र्यात आणि निरक्षरतेत तग धरण्याची शक्ती हा कवितेचा मोठा गुण आहे आणि गद्याने तो आपल्याकडे आहे असा दावा करू नये. 'लीळाचरित्रा'मागे एक संघटित पंथ होता; जात्यामागे एकटी बाई होती.

'कविता भावनेची, गद्य विचाराचे' हे तिसरे सूत्र मराठीत तर मुळीच टिकत नाही. 'ज्ञानेश्वरी' ही गीतेवरील टीका आहे. टीका, भाष्य, विवरण हे प्रकार आज आपण केवळ गद्याच्या ताब्यात दिले आहेत. ज्ञानदेवांनी ते सुमारे नऊ हजार ओव्यांत केले. त्यासाठी निवडलेला छंदही पाहा. ग्रांथिक ओवीत चरणांतील अक्षरसंख्येचे बंधन सैल असते, पहिल्या तीन चरणांना यमकाने बांधले की चौथा चरण आखूड आणि मोकळा सुटतो. बोलण्याच्या इतक्या जवळ राहणारा, तर्काला आणि दृष्टान्ताला इतकी ऐसपैस जागा देणारा छंद मराठीचा आद्य महाग्रंथ पेलतो, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. पद्याने गद्याचे काम करायचे ठरवले की त्याला थोडे गद्यासारखे व्हावे लागते. उलट दिशेने, उत्तम गद्यालाही आपली लय शोधावीच लागते. ती मोजता येत नाही एवढेच.

आता अलीकडच्या काळाकडे येऊ. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे आपल्या काळातील मान्यवर कवी. लक्ष्मीबाईंचे रीतसर शिक्षण झालेले नव्हते. त्यांनी अक्षरे गिरवली ती लग्नानंतर. लक्ष्मीबाईही कविता लिहीत. टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' त्यांनी पूर्ण केले. एवढा मोठा पद्यप्रपंच पार पाडणारी ही बाई आज आपल्या मनात आहे ती 'स्मृतिचित्रां'मुळे. १९३४पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेले हे गद्य आजही कोणत्याही पानावर उघडावे आणि वाचत सुटावे असे आहे. वडिलांच्या सोवळ्याचा अतिरेक असो, टिळकांचा विक्षिप्त दानशूरपणा असो, की १८९५मध्ये टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर झालेली स्वतःची वाताहत असो, हसू आणि हुंदका एकाच वाक्यात नांदवण्याची किमया लक्ष्मीबाईंना साधली आहे. ती त्यांच्या पद्यात त्याच प्रमाणात साधलेली आम्हांला दिसत नाही. पद्य लिहिताना त्या कवयित्री होण्याचा प्रयत्न करतात. गद्य लिहिताना त्या घरातल्या ओटीवर बसून बोलतात आणि त्या बोलण्यातच त्यांची प्रतिभा आहे. ती प्रतिभाच होती, हे म्हणायला मात्र आपल्या समीक्षेने पुष्कळ वेळ घेतला. 'साधी, अकृत्रिम, घरगुती शैली' हे विशेषण किती उत्तरपत्रिकांत वाचले असेल याची गणती नाही. अकृत्रिम म्हणजे जणू आपोआप झालेले, त्यात करणारीचे काही नाही! कवितेबद्दल असे बोलण्याचे धाडस आपण करीत नाही.

ज्या उदाहरणामुळे हा लेख लिहावासा वाटला ते दया पवारांचे. त्यांचा 'कोंडवाडा' हा कवितासंग्रह १९७४चा आणि 'बलुतं' हे आत्मकथन १९७८चे. एकच माणूस, एकच जगणे, मध्ये चारच वर्षांचे अंतर, आणि दोन भिन्न वाङ्मयप्रकार. गद्य-पद्याच्या तुलनेसाठी मराठीत याहून चांगली जोडी आम्हांला सुचत नाही.

आधी नुसती नावे शेजारी ठेवून पाहावीत. कोंडवाडा म्हणजे मोकाट गुरे डांबण्याची जागा. माणसांच्या संदर्भात हा शब्द वापरला की तो प्रतिमा होतो आणि ऐकणारा तत्क्षणी आत कोंडला जातो. बलुतं हा शब्द प्रतिमा नाही. तो गावगाड्याच्या हिशेबातला शब्द आहे: कामाच्या मोबदल्यात वर्षाकाठी मिळणारा धान्याचा वाटा. कविता आपल्याला कोंडवाड्याच्या आत नेऊन सोडते. तिथली घुसमट आपली होते. तो कोंडवाडा बांधला कोणी, त्याची किल्ली कोणाकडे, कोणत्या कामाचा कोणता मोबदला ठरला होता, तो कसा मागावा लागे, मागताना काय ऐकून घ्यावे लागे, हे सांगायला हिशेबाची वही लागते. ती गद्याने उघडली. दोन्ही शब्द एकाच अनुभवाची दोन नावे आहेत. एका नावात आक्रोश आहे, दुसऱ्यात व्यवस्था. आक्रोशावाचून व्यवस्थेचे वर्णन कोरडे राहते, आणि व्यवस्थेच्या तपशिलावाचून आक्रोशाला लोक हळहळून टाळ्या देतात आणि घरी जातात.

'बलुतं' हे केवळ कागदपत्र आहे, समाजशास्त्राला उपयुक्त असा दस्तऐवज आहे, असा एक सूर दलित आत्मकथनांविषयी दीर्घकाळ लावला गेला. त्या सुरात सहानुभूती होती, पण साहित्य म्हणून नाकारणेही होते. आमच्या मते या नाकारण्याचे मूळ जितके जातीच्या अहंकारात आहे तितकेच गद्याविषयीच्या आपल्या समजुतीतही आहे. गद्य म्हणजे खिडकीची काच. पलीकडचे दिसले की काचेचे काम संपले. दलित कवितेतील विद्रोहाची भाषा, तिची प्रतिमासृष्टी, तिने मोडलेले संकेत यांवर निदान चर्चा तरी झाली. १९७२मध्ये आलेल्या नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठ्या'ची भाषा कोणाला पचली, कोणाला नाही, पण ती भाषाच आहे हे सर्वांच्या ध्यानात आले. आत्मकथनाच्या वाट्याला आले ते प्रसंगांची यादी करणे.

वास्तविक 'बलुतं'ची रचनाच या समजुतीला छेद देणारी आहे. त्यात दगडू मारुती पवार बोलतो आणि दया पवार ऐकतो. ही दोन्ही एकाच माणसाची नावे. एक महारवाड्यातले आणि मुंबईतल्या कावाखान्यातले. दुसरे शिकल्यावर, लिहू लागल्यावर धारण केलेले. लेखक झालेला माणूस आपल्याच मागे राहिलेल्या माणसाला समोर बसवतो आणि त्याचे ऐकून घेतो. आत्मकथनातील 'मी' असा दुभंगून दाखवणे ही कोणत्याही आधुनिक कवितेइतकीच सूक्ष्म योजना आहे. पण सारांश काढताना पहिल्यांदा गळते ती हीच. विद्यार्थी लिहितात: दया पवारांनी आपल्या बालपणीच्या हालअपेष्टांचे वर्णन केले आहे. दगडू नाहीसा होतो. ज्याला बोलता यावे म्हणून लेखकाने एवढा खटाटोप केला, त्याला आपण दोन ओळींत गप्प बसवतो.

हे आमच्या लक्षात आले तेही आमच्या शहाणपणामुळे नव्हे. एका वर्षी 'बलुतं' शिकवून झाल्यावर आम्ही नेहमीसारखा प्रश्न दिला आणि नेहमीसारखी उत्तरे आली. बहुतेकांनी दारिद्र्य, अस्पृश्यता, अज्ञान आणि शिक्षणाची ओढ अशा मथळ्यांखाली प्रसंग लावले होते. एका विद्यार्थिनीने मात्र उत्तराच्या शेवटी पेन्सिलीने लिहिले होते की, पुस्तकातला माणूस कधी 'तो' होतो आणि कधी 'मी', हे असे का, ते वर्गात झाले नाही. तक्रार खरी होती. कवितेत एक सर्वनाम बदलले असते तर त्यावर आम्ही अख्खा तास घेतला असता.

त्यानंतर आम्ही एक साधा उपक्रम करून पाहिला. 'बलुतं'मधील एक पान वर्गात मोठ्याने वाचायचे आणि त्याचे रसग्रहण करायचे: वाक्ये कुठे तुटतात, बोलीतला शब्द नेमका कुठे येतो आणि प्रमाण भाषेतला कुठे, काय सांगितले आहे आणि काय सांगता सांगता थांबले आहे. आणि 'कोंडवाडा'तील एक कविता घेऊन तिचा सारांश नव्हे, पण अर्थ सरळ चार वाक्यांत, एकही विशेषण न वापरता लिहायचा. पहिले काम मुलांना कठीण जाईल अशी आमची अपेक्षा होती. कठीण गेले ते दुसरे. 'भावोत्कट', 'हृदयस्पर्शी', 'विदारक' ही विशेषणे काढून घेतल्यावर पुष्कळांच्या हाती काहीच उरले नाही. याचा अर्थ असा की कवितेचे जे रसग्रहण आम्ही इतकी वर्षे करवून घेतले ते कवितेचे वाचन नव्हते. तो विशेषणांचा सराव होता. सारांशाने गद्य झिजते हे आम्हांला ठाऊक होते. रसग्रहणाच्या नावाखाली कविताही झिजते, हे तेव्हा कळले.

येथे कोणी म्हणेल की भेद मुळीच नाही असे तुम्हांला म्हणायचे आहे काय? तसे नाही. भेद आहे आणि तो कागदावर दिसतो. कविता ओळ मोडते, आजूबाजूला पांढरी जागा सोडते आणि अशा प्रकारे वाचकाला थांबायला सांगते. कारणे देण्याचे बंधन तिच्यावर नसते. 'म्हणून', 'तरीपण', 'त्यामुळे' हे शब्द गाळून ती दोन गोष्टी शेजारी ठेवू शकते आणि मधले अंतर वाचकाने ओलांडावे अशी अपेक्षा करू शकते. हे सामर्थ्य गद्याजवळ क्वचितच असते. गद्याला जोडावे लागते. कोणामुळे काय झाले, आधी काय, नंतर काय, याची जबाबदारी त्याला उचलावी लागते. म्हणूनच गद्याशी भांडता येते. 'बलुतं' प्रसिद्ध झाल्यावर आपल्याच माणसांचे उघडेवाघडे जग चव्हाट्यावर मांडले, अशी नाराजी दया पवारांच्या समाजातूनही व्यक्त झाली. कवितेतील 'आम्ही' कोणा एकाच्या दारावर जाऊन उभा राहत नाही. गद्यातील माणसाला घर, गल्ली आणि नातेवाईक असतात. ही जोखीम गद्य पत्करते.

परंतु गद्य आपली कारागिरी दाखवीत नाही. ओळ मोडून ते कोणाला थांबवत नाही. त्यामुळे सुमार कवितेलाही थोडा मान आयता मिळतो आणि उत्कृष्ट गद्याला तो वाचकाकडून मिळवावा लागतो. शिक्षकाचे काम येथे सुरू होते. कवितेपाशी थांबायला कविताच सांगते. गद्यापाशी थांबायला कोणीतरी सांगावे लागते, आणि आपण ते सांगत नाही. उलट लवकर उरकून एक तृतीयांश शब्दांत लिहा असे सांगतो.

तेव्हा श्रेष्ठ कोण, असा कौल मागितलाच तर आम्ही तो देणार नाही. महदाइसेला, लक्ष्मीबाईंना आणि दया पवारांना दोन्ही लागले, एकाचे काम संपले तेथे त्यांनी दुसरे हाती घेतले; त्यांना जी निवड करावी लागली नाही ती आपण का करावी? मात्र आज मराठीच्या वर्गात कोणाची बाजू घेणे आवश्यक आहे असे विचाराल, तर आम्ही निःसंकोच गद्याची घेऊ. आपले विद्यार्थी पुढे कविता लिहितील न लिहितील; पत्र, अर्ज, अहवाल, बातमी, तक्रार आणि स्वतःची हकिगत ते गद्यातच लिहिणार आहेत. आपल्या वाक्याला वजन असते, त्याची जबाबदारी असते आणि त्यात सौंदर्यही असू शकते, हे त्यांना कोणी सांगितलेच नाही, तर ते वाक्य त्यांच्या हातून निसटेल.

त्या विद्यार्थिनीच्या पेन्सिलीतल्या प्रश्नाला आम्ही पुढच्या वर्षी वर्गात तास दिला. ती तोवर उत्तीर्ण होऊन गेली होती. येत्या सत्राच्या प्रश्नपत्रिकेत, निदान महाविद्यालयाच्या अंतर्गत परीक्षेत तरी, गद्य उताऱ्याखाली 'रसग्रहण करा' असा प्रश्न घालण्याचे आम्ही ठरवले आहे. अन्य अध्यापक मित्रांनीही तो घालून पाहावा आणि काय उत्तरे येतात ते कळवावे.